एकेकाचे सांग

मुलीचे वजन १,१८० ग्रॅम भरले आणि मुलाचे १,०४०. दोघांच्या जन्मात चार मिनिटांचे अंतर होते आणि गर्भाचे वय २९ आठवडे ३ दिवस होते. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजतात आणि जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले या गटात मोडतात, हे डॉक्टरांनी आम्हाला पाचव्या महिन्यातच सांगून ठेवले होते. परंतु अपुऱ्या दिवसांची म्हणजे दोन-तीन आठवडे अलीकडे, अशी मी माझ्यापुरती सोयीस्कर समजूत करून घेतली होती. साडेदहा आठवडे अलीकडे, हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हते.

पत्नीचा रक्तदाब आठवडाभर चढत होता. लघवीतून प्रथिने जाऊ लागली, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे ठिणग्या चमकू लागल्या आणि एका संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितले की आणखी थांबलो तर आईच्याच जिवावर बेतेल. तरीही त्यांनी औषधांच्या आधाराने दीड दिवस पदरात पाडून घेतला, कारण त्या दीड दिवसात तिला चोवीस तासांच्या अंतराने स्टेरॉइडची दोन इंजेक्शने द्यायची होती, ज्यांमुळे पोटातल्या बाळांची फुप्फुसे लवकर पक्व होतात. न्यूझीलंडमधील ग्रॅहम लिगिन्स हे डॉक्टर, प्रसूती नेमकी कशामुळे सुरू होते याचा मेंढ्यांवर अभ्यास करत असताना, हे औषध मिळालेली कोकरे जगूच नयेत इतक्या लवकर जन्मूनही श्वास घेत असल्याचे त्यांच्या लक्षात आले, आणि पुढे १९७२ मध्ये त्यांनी व रॉस हॉवी यांनी गर्भवती स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे सारे मी नंतर, व्हरांड्यातल्या बाकावर बसून रात्री-अपरात्री वाचले. त्या वेळी मला एवढेच कळत होते की दुसरे इंजेक्शन होऊन बारा तास झाले आहेत आणि आता वाट पाहायला वेळ उरलेला नाही.

ऑपरेशन थिएटरच्या दारातून आधी मुलगी बाहेर आली. तिला मानेपर्यंत पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळले होते. एवढ्या लहान बाळाची त्वचा इतकी पातळ असते की तिच्यातून ऊब आणि पाणी भराभर निघून जाते, म्हणून पुसत न बसता ओल्या अंगानेच पिशवीत घालतात, असे सिस्टरनी चालता चालता सांगितले. मी त्या ट्रॉलीमागे निघालो, एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दारापर्यंत पोचलो आणि तेथे मला आठवले की दुसरा अजून खालीच आहे. धावत परत आलो, तोवर त्याला दुसऱ्या लिफ्टने वर नेले होते. तो आपणहून श्वास घेत नव्हता आणि त्याच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागली होती, हे मला पाऊण तासाने समजले. जुळ्यांचा बाप म्हणून माझी पहिली काही मिनिटे अशी दोन दारांमध्ये पळण्यात गेली आणि त्या वेळात मी कोणाच्याच जवळ नव्हतो.

फुप्फुसांतले हवेचे फुगे श्वास सोडल्यावर एकमेकांना चिकटून मिटू नयेत म्हणून त्यांच्या आतल्या बाजूला साबणाच्या पाण्यासारखे काम करणारा एक पातळ थर असतो, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. तो नसेल तर प्रत्येक श्वास हा नवा कोरा फुगा पहिल्यांदा फुगवण्याइतका कष्टाचा होतो. मुलाला हे सर्फॅक्टंटच औषध म्हणून नळीवाटे थेट फुप्फुसांत दिले; मुलीला मात्र नाकावाटे सतत हवेचा दाब देणाऱ्या सीपॅपवर निभावता आले. जुळ्यांतल्या दुसऱ्याला आणि मुलींपेक्षा मुलांना हा त्रास अधिक होतो, असे डॉक्टर म्हणाले, आणि आमचा मुलगा या दोन्ही रांगांत उभा होता. त्या रात्री मी वाचले ते अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या मुलाबद्दल. तो १९६३ च्या ऑगस्टमध्ये साडेपाच आठवडे लवकर जन्मला, वजन दोन किलोच्या वर होते, म्हणजे माझ्या मुलाच्या दुप्पट, आणि तरी याच आजाराने ३९ तासांत गेला. आजाराचे मूळ सर्फॅक्टंटच्या अभावात आहे हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्येच दाखवून दिले होते, पण ते बाहेरून देऊन बाळे वाचवल्याचे पहिले यश जपानमधील तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केले. दोन किलोंच्या त्या मुलाला जे मिळू शकले नाही, ते एक किलोच्या माझ्या मुलाला जन्मानंतर तासाभरात मिळाले होते. याचे समाधान वाटावे की भीती, हे मला ठरवता येईना.

पत्नीला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचे सलाईन चालू होते आणि तिला तीन दिवस पलंगावरून उठण्याची परवानगी नव्हती. वरच्या मजल्यावरची बातमी तिच्यापर्यंत पोचवणारा मी एकटाच. पहिल्या रात्री तिने विचारले, “दोघं कशी आहेत?” मी म्हणालो, “दोघंही छान आहेत.” दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टर तिच्याकडे सही घ्यायला आले आणि अगदी सहजपणे म्हणाले, “व्हेंटिलेटरवरच्या बाळाला मोठ्या शिरेत लाइन टाकायची आहे.” ते जाईपर्यंत ती काही बोलली नाही. तिने सही केली, पेन परत दिले, आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “यापुढे ‘दोघं’ म्हणू नकोस. एकेकाचं सांग.”

मला माझा बचाव करता आला असता. तिचा रक्तदाब वाढू नये म्हणून मी तसे बोललो, हे खरेही होते. परंतु त्याहून खरे हे की ‘दोघं’ या शब्दाच्या आड मला लपता येत होते, कारण मुलीच्या बऱ्या बातमीत मुलाची वाईट बातमी मिसळून टाकली की मधला कुठला तरी सोसवेल असा रंग तयार होई. त्या दिवशी मी एक वही आणली, प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे ‘ती’ आणि उजवीकडे ‘तो’ लिहिले. वजन, ऑक्सिजन, दूध, शी-शू, कितीदा श्वास अडकला, डॉक्टर काय म्हणाले: सारे दोन रकान्यांत. रोज दोन वेळा मी ते पान पत्नीला वाचून दाखवत असे आणि कधी डावीकडून तर कधी उजवीकडून सुरुवात करत असे, कारण रोज आधी मुलीचेच वाचतो हेही तिच्या लक्षात आले होते.

नातेवाइकांना मात्र दोन रकान्यांत ऐकण्याची सवय लावता आली नाही. फोनवर प्रश्न एकच असे, “बाळं कशी आहेत?”, आणि मी “मुलगी बरी आहे, मुलगा व्हेंटिलेटरवर आहे” असे म्हटले की पलीकडचा माणूस फक्त पहिले वाक्य उचलून धरी. एका जवळच्या व्यक्तीने धीर देण्याच्या भरात म्हटले, “एक तरी नक्की हाती लागेल बघ.” वाईट हेतूने म्हटले नव्हते. तरी त्यानंतर तो फोन माझ्या आईकडे सोपवला गेला आणि बातमी सांगण्याचे खाते तिने सांभाळले. माझा सल्ला कुणी विचारला तर मी हेच सांगेन की पहिल्याच दिवशी घरातल्या एका शांत माणसाच्या हाती फोन द्यावा आणि आईवडिलांनी तो उचलूच नये.

एनआयसीयूमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली नाही. मुलगी खिडकीच्या बाजूच्या रांगेत होती आणि मुलगा, व्हेंटिलेटरची सोय असलेल्या कोपऱ्यात. काचेच्या दोन पेट्यांमध्ये अकरा पावले. कोपरापर्यंत हात धुवायचे बेसिन साधारण मध्यावर होते आणि तेथे जरा डावीकडे सरकून उभे राहिले तर दोन्ही मॉनिटर दिसत, असा शोध मला चौथ्या दिवशी लागला. तेथून बाळे दिसत नव्हती, फक्त आकडे दिसत होते, आणि मी कितीतरी वेळ तेथेच उभा राहू लागलो. एका वयस्क सिस्टरनी हे पाहिले. त्या म्हणाल्या, “बाबा, आकडे आम्ही बघतो. तुम्ही अर्धा तास हिच्याजवळ थांबा, मग अर्धा तास त्याच्याजवळ. मधे उभं राहून कुणालाच बाप मिळत नाही.” मी खजील होऊन मुलीकडे गेलो. पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालून एक तळवा डोक्यावर आणि दुसरा पावलांवर, न कुरवाळता, नुसता स्थिर ठेवायचा, हे त्यांनीच शिकवले. आपण लाडाने हळूच हात फिरवतो तो स्पर्श या बाळांना सोसवत नाही. स्थिर, भरीव स्पर्श सोसवतो. तिचे अख्खे पाऊल माझ्या अंगठ्याच्या पेराएवढे होते.

आकड्यांचा मोह सुटायला तरी बराच काळ गेला. एकदा मुलाच्या मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण, १०० टक्के दिसले आणि मी आनंदाने सिस्टरना बोलावले, तर त्यांनी येऊन ऑक्सिजन लगेच कमी केला. बाहेरून ऑक्सिजन चालू असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे सॅच्युरेशन ९० ते ९५ च्या दरम्यान राखतात, कारण जास्तीचा ऑक्सिजन डोळ्याच्या पडद्यावर अजून पुऱ्या न वाढलेल्या रक्तवाहिन्या बिघडवतो. १९४० आणि ५० च्या दशकांत, हे कळण्यापूर्वी, बाळांना जगवण्यासाठी मुक्तहस्ताने दिलेल्या ऑक्सिजनमुळे जगभरात हजारो मुलांची दृष्टी गेली. मोठ्या माणसांच्या बाबतीत जो आकडा आपण पैकीच्या पैकी समजतो, तो येथे धोक्याचा होता. श्वासाचेही तसेच. वीस सेकंदांहून जास्त वेळ श्वास थांबला की अलार्म वाजे, सिस्टर शांतपणे येऊन तळपायाला बोटाने टिचकी मारत, बाळाला आठवण झाल्यासारखा श्वास सुरू होई, आणि सिस्टर आपल्या नोंदवहीत एक खूण करून निघून जात. मेंदूतले श्वासाचे केंद्र कच्चे असल्यामुळे हे होते आणि त्यावर रोज कॅफिन देतात; होय, चहा-कॉफीतले तेच. मुलीला दिवसातून तीन-चारदा अशी टिचकी लागे, मुलगा यंत्रावर असल्यामुळे त्याला नाही, आणि त्यामुळे जिची प्रकृती चांगली तिच्याच पेटीशी अधिक वेळा अलार्म वाजे. कोण बरे आणि कोण वाईट हे कानांनी ठरवता येत नव्हते.

रक्ताचा हिशेब तर मला कधीच नीट पचला नाही. एक किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम ९० ते १०० मिलिलिटर रक्त असते. तपासणीसाठी एक मिलिलिटर काढले तर ते मोठ्या माणसाचे पन्नास मिलिलिटर काढल्यासारखे होते. म्हणून तेथे कुठलीही तपासणी उगाच होत नसे आणि तरीही मुलाला दोनदा रक्त द्यावे लागले, प्रत्येक वेळी फक्त पंधरा मिलिलिटर, म्हणजे तीन चहाचे चमचे.

दुधाची वाटणी हा आमच्या घरातला सर्वांत नाजूक विषय ठरला. पहिल्या दिवशी पत्नीने हाताने पिळून दीड मिलिलिटर चीक काढला. इतक्या लहान बाळांच्या आतड्यांना होणाऱ्या एका भयंकर आजारापासून आईचे दूध मोठे संरक्षण देते, म्हणून तो दीड मिलिलिटर सोन्यासारखा होता आणि त्याचे वाटेकरी दोन. सिस्टरनी दोघांच्याही गालांच्या आतून थेंब-थेंब फिरवला आणि उरलेला मुलीच्या पोटात नळीने सोडला, कारण मुलाचे पोट अजून घ्यायला तयार नव्हते. पुढचे पाच दिवस जवळजवळ सगळे दूध तिलाच गेले. पत्नीने तक्रार केली नाही, परंतु दर तीन तासांनी, रात्री दोन आणि पाचलाही, पंपावर बसताना ती म्हणत असे, “ही बाटली त्याची.” सासूबाई तिच्यासोबत जागत. त्या बाटलीवर तारीख आणि वेळ लिहीत, पंपाचे भाग उकळून ठेवत, आणि पुढच्या वेळेचा गजर लावून मगच आडव्या होत. एनआयसीयूमध्ये आईवडिलांखेरीज कोणाला सोडत नसल्यामुळे त्यांनी चव्वेचाळीस दिवस एकाही नातवंडाला प्रत्यक्ष पाहिले नव्हते. त्यांना बाळांचे रूप ठाऊक नव्हते, पण कोणत्या वेळी कोण किती मिलिलिटर पितो ते तोंडपाठ होते. दर दोन तासांनी एक मिलिलिटर, मग दोन, मग तीन. मुलाचे फीड सुरू झाल्याची नोंद वहीत सातव्या दिवसाच्या उजव्या रकान्यात आहे आणि ती माझ्या अक्षरात नाही.

पहिल्या आठवड्यात वजने घसरली. मुलगी १,०५० वर आली आणि मुलगा ९१० वर. ही घसरण अपेक्षित असते आणि जन्मवेळचे वजन परत गाठायला दोन आठवडे लागू शकतात, हे ठाऊक असूनही तीन आकडी वजन वहीत लिहिताना माझा हात अडखळला. कावीळ दोघांनाही झाली आणि दोघेही डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडात पडून राहिले. या उपचाराचा उगम मला फार आवडतो. १९५६ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड येथे जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना उन्हात नेत असत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले, ज्याचे अंग फिके पडले होते आणि चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला तेवढाच तुकडा पिवळाजर्द राहिला होता. शोध एका नर्सच्या डोळ्यांनी लागला. आमच्या सिस्टरना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग? आम्ही दिवसभर बघत असतो.”

सतराव्या दिवसाबद्दल लिहिणे मी टाळत होतो. त्या सकाळी मुलीचा सीपॅप काढला. इतके दिवस टोपी, पट्ट्या आणि नळ्यांखाली झाकलेला तिचा चेहरा आम्ही प्रथमच संपूर्ण पाहिला. नाकाच्या मुळाशी यंत्राचा लाल वळ होता आणि हनुवटीला एक खळी होती, जिची आम्हाला कल्पनाच नव्हती. पत्नी वाकून तिच्याकडे पाहत होती आणि हसत होती. त्याच वेळी अकरा पावलांवर सिस्टर मुलाचे पोट टेपने मोजत होत्या. व्हेंटिलेटर सुटून तो चार दिवसांपूर्वी सीपॅपवर आला होता, फीड वाढत होते, आणि आता पोट फुगून ताणलेले, चकाकणारे दिसत होते. नळीतून हिरवट पाणी परत आले आणि लंगोटात रक्ताची एक रेघ होती. डॉक्टर आले, एक्स-रेचे यंत्र आले, दूध बंद झाले, प्रतिजैविके सुरू झाली, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळवून ठेवले गेले. आतड्याला भोक पडले तर पोट उघडावे लागेल, नाही तर वाट पाहायची, एवढे आम्हाला सांगितले. पत्नी त्या क्षणी मुलीकडून मुलाकडे गेली नाही. ती जागीच उभी राहिली आणि म्हणाली, “मी आत्ता हिच्यासाठी हसत होते ना?” जणू त्या हसण्यामुळेच तिकडे काही बिघडले होते.

मी वही काढली, कारण दुसरे काय करावे ते सुचत नव्हते. डावीकडे लिहिले: सीपॅप निघाला, रूम एअर (बाहेरून ऑक्सिजन नाही), खळी. उजवीकडे लिहिले: फीड बंद, पोट २५ सेंमी, एक्स-रे दर आठ तासांनी. एकाच पानावर, एकाच तारखेखाली. ते पान पाहून तिला काय वाटले ते तिने रात्री सांगितले. तिला वाटले की डाव्या बाजूचे खरे आहे म्हणून उजवीकडचे खोटे होत नाही आणि उलटही नाही. आपल्याला दोन्ही बाजूंना जायचे आहे, पण एकीकडचे तोंड दुसरीकडे घेऊन जायचे नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने एक पद्धत पाडली. मुलीपाशी बसून झाले की बेसिनवर हात धुवायचे, संपूर्ण साठ सेकंद, आणि मगच मुलाकडे वळायचे. नियम म्हणून हात धुवावेच लागत, परंतु ती त्या पाण्यात आणखीही काही धूत असावी. सात दिवस दूध बंद होते आणि शिरेतून पोषण चालू होते. पोट हळूहळू उतरले, शस्त्रक्रिया टळली. त्या सात दिवसांत सासूबाईंनी डीप फ्रीझरमधल्या बाटल्या दोन ओळींत लावल्या आणि उजवी ओळ वाढत गेली.

या काळात माणसांचे काय होते, हेही सांगितले पाहिजे. पत्नी चौथ्या आठवड्यात घरी एकही शब्द बोलेनाशी झाली. पंप, प्रवास, पेटी, पंप. थकवा असेल असे सारे म्हणत होते. एनआयसीयूतल्या बाळांच्या आयांना प्रसूतीनंतरचे नैराश्य अधिक प्रमाणात येते आणि वडीलही त्यातून सुटत नाहीत, हे मला तिच्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मी तिच्यासाठी समुपदेशकाची वेळ घेतली आणि तेथे गेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला, “तुम्ही शेवटचं सलग चार तास कधी झोपलात?” मला उत्तर देता आले नाही. माझे मत असे झाले आहे की ही चौकशी वजनासारखी रोज, ठरलेल्या वेळी, विभागानेच करावी. आईवडील आपणहून हात वर करतील अशी वाट पाहू नये.

कांगारू पद्धत हे नाव हसू आणणारे असले तरी तिचा जन्म टंचाईतून झाला. कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडत आणि एकेका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत, तेव्हा १९७८ मध्ये एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवण्यास सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटना ही पद्धत जन्मानंतर लगेच सुरू करावी आणि दिवसातून ८ ते २४ तास चालवावी असे सांगते. पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांतील मृत्यू त्यामुळे सुमारे चतुर्थांशाने घटले. जुळ्यांसाठी दोन छात्या लागतात, म्हणून माझीही पाळी आली. मुलगा माझ्यावर होता. लंगोट आणि टोपी एवढेच कपडे, कान माझ्या हृदयाशी, वरून चादर. पेटीत त्याचे सॅच्युरेशन ८८ आणि ९३ च्या दरम्यान डोलत असे. माझ्या छातीवर वीस मिनिटांत ते ९४ वर येऊन स्थिरावले आणि मी मॉनिटरकडे पाठ करून बसलो असल्यामुळे हे मला सिस्टरनी सांगितले. अडतिसाव्या दिवशी त्यांनी दोन खुर्च्या शेजारी ओढल्या. मुलगी आईवर, मुलगा माझ्यावर, आणि जन्मल्यापासून प्रथमच दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर. काहीतरी घडेल अशी माझी अपेक्षा होती. मुलीने उचकी दिली. मुलगा झोपून राहिला.

डोळ्यांची तपासणी चौथ्या आठवड्यात झाली. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, पापण्या एका छोट्या तारेने उघड्या ठेवतात आणि डोक्यावर दिवा बांधलेले डॉक्टर आत पाहतात. आईवडिलांनी बाहेर थांबलेले चालते आणि मी थांबायला हवे होते. मुलीचा पडदा फक्त अपक्व होता. मुलाच्या पडद्यावर दुसऱ्या टप्प्याचा दोष होता, जो पुढच्या तपासण्यांत लेसरविना आपोआप ओसरला, परंतु त्या मधल्या आठवड्यांत मी त्याच्याशी बोलताना नकळत त्याच्या डोळ्यांसमोर बोट हलवत असे.

चव्वेचाळिसाव्या दिवशी मुलगी घरी आली. वजन १,८४० ग्रॅम, तोंडाने पूर्ण दूध, आठवडाभर एकही टिचकी नाही. ज्या दिवसाची एवढी वाट पाहिली त्या दिवशी पत्नी गाडीत रडत होती, कारण मुलगा मागे राहिला होता आणि जन्मानंतर प्रथमच दोघांमध्ये अकरा पावलांहून अधिक अंतर पडले होते. पुढचे एकोणीस दिवस सर्वांत अवघड गेले असे मी म्हटले तर ज्यांना अनुभव नाही त्यांना ते खोटे वाटेल. आधी आम्ही दोघेही दिवसभर तेथे असायचो. आता एकाने घरी थांबायचे होते. मुलीला संसर्ग होऊ नये म्हणून तिला तेथे नेता येत नव्हते आणि मुलाला दूध ओढायला शिकवण्यासाठी आई तेथे हवी होती. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन गोष्टींचा मेळ बसवायला तो शिकत होता. दोन घोट, मग दम, मग अलार्म. पत्नी सकाळी त्याच्याकडे जाई, मी मुलीला तिच्याच दुधाची बाटली पाजत असे, दुपारी आम्ही दाराशी एकमेकांना भेटत असू आणि वही हातातून हातात जाई. त्या दिवसांतल्या पानांवर डावा रकाना माझ्या अक्षरात आहे आणि उजवा तिच्या.

सासूबाईंनी मुलीला पहिल्यांदा मांडीवर घेतले तेव्हा बराच वेळ नुसते पाहिले आणि मग विचारले, “आणि तो हिच्यासारखाच आहे का?” पत्नी म्हणाली, “नाही. त्याला खळी नाही.”

त्रेसष्टाव्या दिवशी मुलगा आला, २,०४० ग्रॅम. डिस्चार्जच्या कागदावर दोन वये होती: जन्मतारखेचे, ज्याने लसी द्यायच्या, आणि दिवस भरण्याच्या तारखेपासून मोजायचे, ज्याने दोन वर्षांपर्यंत वाढ पाहायची. त्या दुसऱ्या हिशेबाने तो अजून जन्मलाच नव्हता. अकरा दिवस बाकी होते. रात्री दोघांना एकाच गादीवर, मध्ये वीतभर जागा ठेवून निजवले. मी सवयीने त्यांच्या डोक्यांवरच्या भिंतीकडे पाहिले. तेथे आकडे नव्हते. पत्नीने वही ओढून घेतली, तारीख टाकली, आणि मधल्या रेघेची पर्वा न करता पानभर लिहिले, ‘दोघं झोपली’.

त्याखालची नोंद चाळीस मिनिटांनंतरची आहे. उजव्या रकान्यात: ३० मिली, दोनदा दम घेतला. डाव्या रकान्यात: झोपलेलीच.